अडीच वर्षांची लेक, अकोल्याचे आजी-आजोबा आणि समुद्र: कोकणात कुठे जावं?

अबोली७
मंडळी, सल्ला हवाय. सासू-सासरे जानेवारीत महाराष्ट्र एक्सप्रेसने अकोल्याहून आमच्याकडे पुण्याला येतायत. बाबा बहात्तरचे, आई सदुसष्टच्या. दोघांनीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. मुंबईला एकदा लग्नाला गेले होते, पण हॉल कल्याणला होता! लेक अडीच वर्षांची, चालते कमी आणि पळते जास्त. पाचही जणांनी आमच्याच गाडीने जायचं आहे.

अडचणी सांगते. आईंचे दोन्ही गुडघे दुखतात, जमिनीवर बसलं की उठवत नाही, जिने नकोत. बाबांना मधुमेह, जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. आई शाकाहारी, बाबांचं "पाहू न". लेक दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी घरात कोणालाच सुख नाही, शिवाय घाटात तिला उलटी होते. नवरा गणपतीपुळ्यावर अडून बसलाय, कारण देव आणि समुद्र एकाच ठिकाणी. माझ्या यादीत गुहागर, दापोलीजवळचं मुरुड, दिवेआगर आणि तारकर्लीही आहे. सगळीकडे थोडं थोडं फिरावं की एकाच ठिकाणी राहावं?

पायवाट
एकाच ठिकाणी. रोज सामान बांधायचं, रोज नवी खोली, रोज नवा संडास, ह्यात म्हाताऱ्या माणसांचं आणि लहान मुलांचं सारखंच हाल होतं. तारकर्ली यादीतून आत्ताच काढा, पुण्याहून गाडीने अख्खा दिवस जातो. गणपतीपुळेही लांबच, आंबा घाट उतरून जावं लागतं. देवळाच्या समोरचा किनारा दिसायला देखणा पण समुद्र खोल आणि ओढणारा, बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. अडीच वर्षांच्या पोरीला पाण्यात पाय बुडवू द्यायचे असतील तर मी तरी तिथे नेणार नाही.

दिवेआगर घ्या. ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा. सकाळी निघालात तर जेवायला पोचता. गाव सपाट, किनारा सपाट.

चटकमटक
एवढी डोकेफोड कशाला? पुण्याहून विमान, गोवा, पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल. लिफ्ट, कमोड, एसी, नाश्त्याला पन्नास पदार्थ. आजी-आजोबा खूश, पोरगी खूश.

खादाडखाऊ
@चटकमटक, पन्नास पदार्थांत अकोल्याच्या सासूबाईंना खाता येतील असे किती? आमच्या आईने असल्या हॉटेलात टोस्ट आणि कलिंगडावर दिवस काढले होते. दिवेआगरात घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं की उकडीचे मोदक मिळतात, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, ताक. छोटीसाठी मऊभात-तूप वेगळा काढून ठेवा म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही. मात्र सोलकढी तिला देण्याआधी चाखून बघा, मिरची-लसूण असते. बाबांचं "पाहू न" सुरमई किंवा हलव्यापाशी संपवा, काटे कमी. बांगडा पहिल्याच दिवशी नको, वऱ्हाडातल्या माणसाला काटे काढायची सवय नसते.

हर्णैकर
दापोली तालुक्याचा असल्यामुळे आमच्याकडे या असंच म्हणणार होतो. माणगावहून गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड करत येता येतं. पण उलटी करणारी मुलगी आहे म्हणताय, तर मंडणगडपासून पुढची वळणं लक्षात घेता ह्या खेपेला दिवेआगरला जा. मुरुडला घोडे, घोडागाड्या, वाळूत पळवायच्या चारचाकी फटफट्या, सगळी जत्रा आहे. पोरगी पळते म्हणताय, तिथे तिच्यामागे पळून पळून जीव जाईल. आसूदचा केशवराज सुंदर, पण पायऱ्या बघूनच आजी परत फिरतील.

जागेपेक्षा महत्त्वाचं विचारायला विसरलात: तारीख. घरात कालनिर्णय असेल तर काढा. भरतीची वेळ तिथीवरून निघते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला पुन्हा. पंचमीला पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आमच्या आजोबांनी होड्या ह्याच हिशेबावर घातल्या.

आता तुमच्या कामाचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. दुपारी बाराच्या आसपास पाणी पार वर येतं आणि संध्याकाळी दूर जातं. फोटो छान येतात, पण तुम्ही पाच वाजता पोचता तेव्हा ओहोटी चालू असते, पाणी बाहेर ओढत असतं. आमच्याकडे पोरांना ओहोटीच्या पाण्यात उतरू देत नाहीत. शिवाय आजींना पाण्यापर्यंत किती चालावं लागेल बघा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार वर येत नाही, फार खाली जात नाही. आणि चार ते सहा ह्या वेळात भरती चालू असते, म्हणजे पाणी तुमच्याकडे येतंय. अष्टमी ते दशमी धरा, शुद्ध असो की वद्य.

पायवाट
हे कधीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी लांब सुट्टी बघून जातोय.

मोजपट्टी
@हर्णैकर, भांगाच्या वेळी समुद्र सुरक्षित असतो असा अर्थ काढू नये ना कोणी? भरतीतही लाट पोराला पाडतेच.

हर्णैकर
बरोबर. सुरक्षित असा समुद्र नसतो. मोठ्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे अडीच वर्षांच्या पोरीच्या कमरेपर्यंत. हात धरलेला एक मोठा माणूस सतत, आणि तो मोबाईलवर नाही. भांगात एवढंच की पाण्याचा जोर कमी आणि अंतर कमी. खाडीच्या तोंडाशी मात्र कुठल्याच तिथीला नको. भरती चढताना गाडी वाळूत नेऊ नका हेही सांगून ठेवतो, दर मोसमात कोणाची तरी रुतते आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरतात.

निवृत्त_मास्तरीण
मी ह्या धाग्यातल्या आजीच्या बाजूने लिहिते, कारण मी स्वतः आजी आहे आणि मला अशा सहलींना नेलं जातं.

अबोली, राग मानू नकोस. मुलं मोठ्या प्रेमाने म्हणतात, "आई, या वेळी तुम्ही फक्त आराम करा." मग पहिल्याच संध्याकाळी, "जरा बाळाकडे बघाल का, आम्ही किनाऱ्यावर चक्कर मारून येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते नऊपर्यंत झोपतात, बाळ सहाला उठतं, आणि ते कोणाच्या खोलीचं दार वाजवतं? मला नातू प्रिय आहे. पण समुद्रावर सूर्यास्ताच्या वेळी मी खोलीत बसून त्याला मऊभात भरवत होते, हे मला आठवतं. तुझ्या सासूबाईंनी तर समुद्र पाहिलेलाच नाही. त्यांची पहिली संध्याकाळ पोरीच्या मागे जाऊ देऊ नकोस.

आणि गुडघ्यांबद्दल. "जिने नकोत" एवढं पुरत नाही. फोन करून हे विचार: खोली तळमजल्यावर आहे का, अंगणातून खोलीत यायला किती पायऱ्या, कमोड आहे का आणि त्याच्या शेजारी धरायला काही आहे का, पलंग आहे की जमिनीवर गाद्या, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का. रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का. कोकणातल्या जुन्या घरांचे उंबरे उंच असतात, रात्री अंधारात तिथेच माणूस अडखळतो. आणि किनाऱ्यावर बसायला खुर्ची. हे कोणीच विचारत नाही. घरमालकाला सांग, प्लास्टिकची हात असलेली एक खुर्ची आम्हाला संध्याकाळी न्यायला द्या. बिनहाताची नको, उठताना टेकायला काही हवं.

चटकमटक
ताई, पण आजी-आजोबांना नातवंडाबरोबरच वेळ हवा असतो ना?

निवृत्त_मास्तरीण
हवा असतो. तो किती आणि कधी हे आम्हाला विचारलं की झालं.

अबोली७
ताई, राग कसला. तुम्ही लिहिलंय ते वाचून मी आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागलो. रात्रीच्या चकरेचा बेत आमच्या डोक्यात होताच :) ठरवलंय की सकाळचं उठणं आम्ही दोघं वाटून घेऊ.

दिवेआगर जवळजवळ नक्की. एक प्रश्न, वाडीतल्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतल्या घरात राहावं की किनाऱ्यालगतच्या कॉटेजमध्ये?

आडगाव
वाडीत. पण लहान मूल आहे तर तीन गोष्टी फोनवरच विचारा, गेल्यावर उपयोग नाही. विहिरीला कठडा किंवा जाळी आहे का? पाण्याच्या टाक्या आणि हौद उघडे आहेत का? आणि पोरीच्या खेळण्याची जागा माडाखाली तर नाही? नारळ आणि वाळलेली झावळी सांगून पडत नाही. संध्याकाळनंतर वाडीत अनवाणी नको, चपला झटकून घालायच्या. पोफळीच्या (सुपारीच्या झाडांच्या) आळ्यांत ओल असते, विंचू असतात. विंचवाच्या विषावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर काम केलं, प्राझोसिनचा उपचार रुळवला, त्यामुळे आज लोक वाचतात. पण म्हणून परीक्षा घ्यायची नाही.

वाड्या पूर्वीसारख्या दाट दिसणार नाहीत. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ ह्याच पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. पोफळ धरायला वर्षं लागतात. पर्यटकांचे पैसे त्या काळात फार कामी आले, म्हणूनही वाडीत राहा.

खादाडखाऊ
@अबोली७, आईंना देऊळही हवंच असेल ना? दिवेआगरला सुवर्णगणेश आहे. १९९७मध्ये एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२मध्ये दरोडा पडून चोरीला गेला, २०२१मध्ये पुन्हा बसवला. ही गोष्ट आजोबांना आधी सांगून ठेवा, गाडीत तासभर चर्चा पुरेल. रूपनारायणाची मूर्ती मात्र चुकवू नका, शिलाहार काळातली आहे आणि बारकाईने बघण्यासारखी. नवऱ्याची देव आणि समुद्र ही अटही पूर्ण झाली.

प्रवासी_पक्षी
रस्त्याबद्दल कोणी बोललंच नाही. मुलगी शाळेत जात नाही, आजोबा निवृत्त, मग शनिवारी जायची काय गरज? रजा मिळत असेल तर सोमवारी निघा. शनिवारी सकाळी माणगावात मुंबईची सगळी गर्दी महामार्गावर अडकलेली असते आणि तुम्ही नेमके तिथेच बाहेर पडता.

उलटीचं: निघताना पोटभर दूध देऊ नका. कोरडं काही, पोहे वगैरे, थोडं. ताम्हिणीत वळणांवर पोरीला पुस्तक किंवा मोबाईल अजिबात नको, बाहेर लांबचं बघू द्या. गाडीची सीट मागे उलट्या दिशेने असेल तर आणखी त्रास होतो. मुळशीचं पाणी दिसतं तिथे थांबा, बाबांचा नाश्ता वेळेवर होईल. एक कपड्यांचा जोड हाताशी ठेवा, डिकीत नको. आणि एक तुमचाही.

मधुमेहाच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक पाकीट पिशवीत, एक आईंच्या पर्समध्ये. जवळचा बाजार बोर्ली पंचतनला आहे, औषधांचं दुकान तिथे मिळेल. रोजच्या नावाच्याच गोळ्या मिळतील असं धरू नका.

अबोली७
सगळ्यांचे खूप आभार. कालनिर्णय भिंतीवरून काढला. आमच्या रजेत अष्टमी, नवमी, दशमी बसतायत आणि पुढे एकादशी, म्हणजे आईंचा उपास. घरमालकीणबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "करू की भगर, आमच्याकडेही उपास असतोच." विहिरीला जाळी आहे. खुर्ची देणार आहेत. विचारलं तेव्हा हसल्या, पण देणार आहेत.

अबोली७
जाऊन आलो. वृत्तांत लिहीन म्हटलं होतं, तर लिहिते.

सोमवारी निघालो. उलटी झाली, पण एकदाच, आणि नवऱ्याच्या शर्टवर, त्यामुळे मला काही तक्रार नाही. माणगाव सुरळीत. जेवायला पोचलो, लेक झोपली, चार वाजता किनाऱ्यावर.

हर्णैकर, पाणी तुम्ही म्हणालात तसंच आलं. सुरूच्या बनातून बाहेर पडलं की कोरड्या वाळूचा पट्टा, तेवढाच आईंना जड गेला, पाय रुततात. पुढे ओली वाळू घट्ट, तिथे त्या रस्त्यापेक्षा बऱ्या चालल्या. खुर्ची ओल्या वाळूच्या कडेला ठेवली. चारला पाणी पन्नास-साठ पावलं लांब होतं. आई म्हणाल्या, "मी इथूनच पाहते." मग ते येत राहिलं. सव्वापाचला खुर्चीच्या पायाशी फेस आला तेव्हा त्यांनी ओरडून बाबांना हाक मारली, आम्हाला वाटलं काय झालं. काही नाही, साडी वर धरून उभ्या होत्या, आणि मग खुर्ची मागे न्यायला साफ नकार. उधाण असतं तर एवढा वेळ तिथे बसताच आलं नसतं.

बाबांनी पहिलं काय केलं असेल तर बोट बुडवून चाखलं. खारट आहे याची खात्री झाली. नंतर रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा भरती किती उशिरा आली ते घड्याळ लावून बघायचे. निवृत्त पाटबंधारे खात्यातले आहेत, त्यांना विषय मिळाला. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याला पाऊणपटीचा हिशेब समजावत होते आणि तो बिचारा "हो काका" म्हणत होता, त्याला जन्मापासून माहीत असणार.

लेक मात्र लाटांना घाबरली! ज्या पोरीच्या मागे पळायची आम्ही तयारी केली होती ती दोन दिवस कडेवरून उतरलीच नाही. आम्ही ढकललं नाही. खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी केलेली असते ना, ती बघायला म्हणून खाली उतरली आणि मग कुरवांच्या थव्यामागे पळाली. पाण्यात पाय बुडवायला एकादशी उजाडली, तेही आजीच्या खुर्चीला धरून. बादली-खोऱ्याचा सेट नेला होता, तिने खेळली ती करवंटी.

मंगळवारी श्रीवर्धनला गेलो, पेशव्यांचं गाव म्हणून बाबांना जायचंच होतं. किनाऱ्यालगत बांधलेला कट्टा आहे, बाकं आहेत, गुडघेवाल्यांसाठी फार सोयीचं. कोंडविलकडून जाणारा रस्ता समुद्राच्या कडेने, लेक झोपली तरी आम्ही तिघं बघत होतो. हरिहरेश्वर सोडलं. तिथली प्रदक्षिणा कातळावरून, खाली उतरायला पायऱ्या, आणि भरतीत ती वाट धोक्याची. बाबा हिरमुसले, पण आई म्हणाल्या, "तुम्ही जा, मी खुर्चीवर बसते," आणि त्यावर तेही गेले नाहीत.

ताई, तुमच्यासाठी खास. एका संध्याकाळी लेकीला आम्ही घेऊन वाडीत थांबलो आणि ते दोघंच किनाऱ्यावर गेले. अंधार पडला तरी परत येईनात म्हणून नवरा बॅटरी घेऊन निघाला, तर ते बनाच्या तोंडाशी भेळवाल्याकडे उभे. बाबांच्या मधुमेहाचं काय, असं कोणी विचारायचं नाही असं आम्ही ठरवलं.

न जमलेलं: डास. संध्याकाळी वाडीत भयंकर. मच्छरदाणी होती, पण अंगणात बसणं अशक्य. आणि जेवण रात्री साडेआठला मिळायचं, पोरीची वेळ साडेसातची. दुसऱ्या दिवसापासून तिचा भात आधी मागून घेतला.

निवृत्त_मास्तरीण
भेळ वाचून बरं वाटलं.

मोजपट्टी
खुर्चीचा सल्ला मी माझ्या आईसाठी लिहून घेतला. भाडं वगैरे घेतलं का?

अबोली७
नाही घेतलं. परत दिली तेव्हा पायाला वाळू होती म्हणून धुऊन द्या म्हणाल्या, एवढंच.

दूरदेशी
छान धागा. आम्ही न्यू जर्सीहून डिसेंबरअखेर येतोय, मुलगा चार वर्षांचा, माझे आई-वडील ठाण्याचे. हाच बेत आम्हाला जमेल? तेव्हा गर्दी कशी असते?

प्रवासी_पक्षी
नाताळ ते नववर्ष सोडून कधीही. त्या आठवड्यात खोल्यांचे दर चढलेले, किनाऱ्यावर गाण्यांच्या भिंती, आणि आई-वडिलांना रात्री झोप नाही. जानेवारीचा पहिला आठवडा संपू द्या. ठाण्याहून असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रोने जा आणि अलिबागच्या बाजूला नागावला थांबा. घाट नाही, आणि बोटीतला तासभर चार वर्षांच्या मुलाला सहलीइतकाच आवडतो. दिवेआगरच हवं असेल तर तिथून पुढे मुरुड-जंजिऱ्यापर्यंत येऊन आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गाडी उतरवता येते.

पायवाट
@हर्णैकर, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासचा कासव महोत्सव असतो. अबोलीच्या लेकीसारख्या वयाच्या मुलांना न्यावं का? माझा पुतण्या तीन वर्षांचा आहे, आणि त्याच्या आजीलाही बघायचं आहे.

हर्णैकर
न्यायला हरकत नाही, पण आजींचा विचार करा. गावातून किनाऱ्यापर्यंत बरंच चालावं लागतं, आणि पिल्लं सोडतात ती पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी. गुडघे दुखत असतील तर आंजर्ल्याला बघा, तिथेही घरटी जपतात, आणि कड्यावरच्या गणपतीला आता गाडी वरपर्यंत जाते. दोरीच्या मागे उभं राहायचं, आवाज नाही, फोटोला फ्लॅश नाही, तीन वर्षांच्या मुलाला हे किती वेळ जमतं ते तुम्हाला माहीत. आणि घरट्यातून त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं नाही, आमच्या पाहुण्यांना कितीदा दोन-दोन दिवस थांबून रिकामं परत जावं लागलंय. पुतण्याला "कासव दाखवतो" असं आधी कबूल करू नका, "समुद्रावर जाऊ" एवढंच सांगा.